काकीच्या जागी ताई

संस्थेच्या ऑफिसात सगळेच तिला काकी म्हणत, पण खरीखुरी काकी ती तिथल्या एकाचीच होती, तिच्या पुतण्याची. तो तिथले कॉम्प्युटर सांभाळायचा. आई तो रांगत असतानाच गेली, वडील बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरत राहिले, आणि त्याला वाढवलं ते काकांच्या बायकोने. "स्वतःच्या पोरासारखं वाढवलंत," असं कोणी म्हटलं की ती चिडायची. "सारखं काय त्यात? दुसरं होतं कुठे मला?" मोठ्या दवाखान्यात ती परिचारिका होती. पाळी संपवून आली की चपला काढायच्या आधी त्याच्या डोक्यावर हात. ताप आहे का बघायला एकदा, अभ्यास केला का विचारताना टपली म्हणून दुसऱ्यांदा. हाक मारायची ठोंब्या. तो शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, कानशिलावरचे केस पिकले, तरी ठोंब्या तो ठोंब्याच.

संस्था होती अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्यांसाठी. टायरच्या दुकानावर चार खोल्या, त्यातल्या एकीत सल्ल्याचा फोन. काका अर्धांगवायूने बरीच वर्षं पडून होते. ते गेले आणि काकीला घर खायला उठलं, तेव्हा तोच तिला ऑफिसात घेऊन आला. "फोनवर बस," म्हणाला, "लोक विचारतील ते सांग. घरी मला सांगतेस तसंच."

तिने अक्षरशः तसंच सांगितलं. "सासऱ्यांना आंघोळ घालताना त्यांच्याशी बोलता का? नाही? मग भांडी घासताय का तुम्ही?" असं ती परक्या बाईला फोनवर विचारायची, आणि ती बाई रागवायच्या ऐवजी रडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायची. पुतण्या शेजारच्या खुर्चीत बसून तिचं बोलणं टाइप करून घ्यायचा. पहिल्याच दिवशी सवयीने त्याने वर लिहिलं, 'काकी सांगते'. ते पत्रक लोकांनी एकमेकांना दिलं, भिंतींना चिकटवलं. मग सगळ्याच पत्रकांवर तसं येऊ लागलं. 'काकीला विचारा', 'काकीचं ऐका', 'इथे काकी थोडी रागावते'. होता होता फायलींचा एवढा ढीग झाला की त्याचं जाडजूड पुस्तक काढायचं ठरलं.

संस्थेच्या संचालिकाबाई इतकं मऊ बोलायच्या की समोरच्याला वाटावं आपणच ओरडतोय. पुस्तकाच्या छपाईचा भार एका गाद्यांच्या कारखान्याने उचलला होता. छपाईआधीची पानं काकीने चष्मा लावून वाचली आणि त्यातलं एक पान घेऊन ती बाईंच्या खोलीत गेली. पुतण्या तिथेच होता, बाईंचा प्रिंटर अडला होता म्हणून.

"'हवेची गादी वापरल्यास रुग्णाची कूस वारंवार बदलावी लागत नाही, असं काकी सांगते,'" तिने वाचून दाखवलं. "हे मी कधी सांगितलं?"

"कारखान्याचा मजकूर आहे तो, काकी. एकच ओळ आहे."

"मग त्यांच्या नावाने छापा. माझ्या तोंडी कशाला घालता?"

"लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे ना."

"म्हणून तर आले. गादी हवेची असो नाहीतर सोन्याची, कूस बदलावीच लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात. जखमेतून हाड दिसतं, बाई. मी पाहिलंय."

"आपण शांतपणे बोलूया का?"

"मी शांतच आहे. मी ओरडते तेव्हा खालचा टायरवाला वर बघायला येतो."

पुतण्या प्रिंटरमध्ये हात घालून अडकलेला कागद ओढत राहिला. कागद केव्हाच निघाला होता.

ती ओळ बाईंनी काढली नाही, फक्त 'लागत नाही'चं 'कमी लागते' केलं. काकी म्हणाली, हेही खोटंच आहे, खोट्याला पाणी घातलंय इतकंच. पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा सल्ल्याचा फोन तिच्या टेबलावरून एका नव्या मुलीच्या टेबलावर गेलेला होता. काकीने रिकाम्या टेबलावरून हात फिरवला, आपला पाण्याचा पेला आणि खुर्चीवरची उशी उचलली आणि निघाली.

तो तिच्यामागे जिना उतरला. "काकी, जरा नमतं घेतलं असतंस तर..."

"तू घे की," ती म्हणाली. "तुला अजून इथे राहायचंय." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दोनेक दिवसांनी बाईंनी त्याला बोलावलं. चहा मागवला.

"पुस्तक काकींच्या नावाने काढणं आता धोक्याचं आहे. उद्या त्या म्हणतील, हे मी बोललेच नाही. आपण ताई करू. 'ताई सांगते'. किती आपुलकीचं वाटतं, नाही?"

"पण मजकूर सगळा तिचा आहे, मॅडम."

"मजकूर संस्थेचा आहे. पगार घेऊन सांगितलेला. आपण फक्त हाक बदलतोय." त्यांनी कपात साखर ढवळली. "आणि ताईही स्त्रीलिंगीच. म्हणजे क्रियापदं हलवावी लागणार नाहीत. मी नीट विचार केलाय."

"मीच करायचं?"

"ती नवी मुलगीही करेल. पण ती बिचारी एकेक शोधत बसेल. तुम्हाला काय, एका ओळीचं काम. पुढच्या महिन्यात विभागप्रमुख होणार आहात, एवढं तर कराल."

तो जागेवर येऊन बसला. आपण नाही केलं तर दुसरं कोणी करणारच, हे त्याने स्वतःला सांगितलं. आपल्या हातून झालं तर निदान नीट तरी होईल, हेही सांगितलं. दुसरं कारण त्याला पटलं, कारण ते कामाचं होतं.

काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या खुणेपाशी आज्ञा टाइप करून काम करायची त्याला कॉलेजपासून सवय. खिडक्या उघडा, बटणं दाबा, असल्या पद्धतीला तो बाळबोध म्हणायचा. मजकूर बदलायला सेड नावाची एक जुनी आज्ञा असते. तिला सांगायचं इतकंच: काय शोधायचं, तिरकी रेघ, त्याच्या जागी काय ठेवायचं, पुन्हा तिरकी रेघ, आणि शेवटी एक अक्षर, ज्याचा अर्थ, जिथे जिथे सापडेल तिथे तिथे. आज्ञा प्रश्न विचारत नाही. शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे तिला कळत नाही. ती अक्षरं ओळखते, बस. म्हणून शहाणा माणूस आधी नुसतं शोधून बघतो. ज्या ज्या ओळीत ती अक्षरं आहेत त्या सगळ्या पडद्यावर आणतो, नजरेखालून घालतो आणि मगच बदलतो. नव्या पोरांना तो स्वतः हेच बजावायचा.

त्या दुपारी त्याने ओळी पडद्यावर आणायची आज्ञा लिहिली आणि बोट थांबवलं. आणल्या असत्या तर त्या वाचाव्या लागल्या असत्या. 'काकी सांगते, आधी स्वतः जेवा.' 'काकीच्या नवऱ्यालाही असंच व्हायचं.' एकेक ओळ तिच्या आवाजात. त्याने ती आज्ञा खोडली. मूळ फायलींची एक प्रत बाजूला ठेवली, तेवढी सवय हाताला होती. मग काकी, तिरकी रेघ, ताई असं लिहून बटण दाबलं. पापणी लवायच्या आत काम झालं. पहिलं पान उघडून बघितलं. 'काकींना'चं 'ताईंना' झालं होतं, 'काकीचं'चं 'ताईचं'. प्रत्ययसुद्धा जागच्या जागी बसले होते. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तशी ही ताई कुठूनशी आली आणि पुस्तकभर बसली. तो पुढची पानं न बघता चहाला उठला.

पुस्तक छापून झालं, वाटलं गेलं. कारखान्याने दुकानादुकानांत ठेवलं. त्याच्या दारावर नवी पाटी लागली. काकीला त्याने पुस्तकाबद्दल काही सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

एका सकाळी फोनवरची मुलगी रिसीव्हर हाताने झाकून त्याच्या दारात आली. "सर, चताई म्हणजे काय हो?"

"काय?"

"एक गृहस्थ विचारतायत. पुस्तकात आहे म्हणे."

त्याने फोन घेतला. पलीकडचा माणूस थकलेला होता, चिडलेला नव्हता. "आईचा पाय सुजला होता," तो म्हणाला. "तुमच्या पुस्तकात लिहिलंय, सुजलेल्या कातडीवर चताई दिसली आणि पाय गरम लागला तर थांबू नका, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. मी शब्दकोशात शोधलं हो. शेजाऱ्यांना विचारलं. कोणी म्हणालं पुरळ असेल, कोणी म्हणालं चट्टा. पुरळ काही नव्हतं, म्हणून आम्ही थांबलो. पाय नुसता ताणलेला, तेल लावल्यासारखा दिसत होता. आता दवाखान्यात आहे ती. विष अंगात पसरलंय म्हणतात. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, चताई म्हणजे काय? कशी दिसते ती?"

"चकाकी," तो म्हणाला. "चकाकी असं आहे ते. छपाईची चूक."

मग तो माणूस म्हणाला, "अहो, चकाकी तर होतीच की," आणि त्याने फोन ठेवला.

पुतण्याने दार लावून घेतलं आणि जे आधी करायचं ते आता केलं. सगळ्या ओळी पडद्यावर आणल्या. चकाकीतली काकी गेली होती आणि चताई उरली होती, त्वचेच्या सगळ्या प्रकरणात. आणि शेवटच्या प्रकरणात, जे काकीने काकांच्या आजारपणाबद्दल बोलताना सांगितलं होतं, तिथे होतं: 'आजाऱ्याजवळ बसून बसून माणूस एताई होतो. घरात माणसं असून एताई. हा एताईपणा कोणाला सांगायची लाज वाटते. लाजू नका, फोन करा.' तो ते टाइप करत होता तेव्हा सांगता सांगता ती मध्येच थांबली होती आणि म्हणाली होती, "एवढं पुरे आज." आज त्याने ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

बाजूला ठेवलेली प्रत त्याने उघडली, शब्दाच्या कडा बघायला सांगणारी खूण आज्ञेत घातली आणि सगळं नीट करून घेतलं. चहा निवायला लागतो तेवढाही वेळ त्याला लागला नाही. ती फाईल घेऊन तो संचालिकाबाईंकडे गेला.

"पुस्तकं परत मागवायला हवीत, मॅडम."

"वाटलेली पुस्तकं कशी परत येतील? चिठ्ठी छापू. दुकानदार आत ठेवतील." त्यांनी तिथल्या तिथे मजकूर लिहून त्याच्यापुढे सरकवला. 'मूळ लेखिकेच्या हस्तलिखितातील अशुद्ध लेखनामुळे काही शब्द चुकीचे छापले गेले आहेत. वाचकांनी कृपया दुरुस्त करून घ्यावेत.'

"हस्तलिखित नव्हतंच," तो म्हणाला. "ती बोलायची, मी टाइप करायचो. चूक माझी आहे."

"मग तुमचं नाव घालूया का?" त्यांनी पेन पुढे केलं. अगदी मऊपणे, खरोखर विचारत असल्यासारखं.

तो पेनाकडे बघत राहिला.

"नको ना? मग? आणि त्यांचं नाव तरी कुठे आहे यात? 'मूळ लेखिका' म्हणजे कोण, कोणाला कळणार आहे?"

ज्यांना कळायला हवं होतं त्या सगळ्यांना कळलं. पुस्तकभर ताईचा जयजयकार होता आणि चुकीच्या चिठ्ठीत तेवढी काकी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं! शहरातल्या एका प्रशिक्षण शाळेने घरी रुग्णसेवा करणाऱ्या मुलींना शिकवायला काकीला बोलावलं होतं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने चिठ्ठी वाचली आणि कळवलं, यंदा नको.

काकीनेच त्याला बोलावून घेतलं. तो गेला तेव्हा ती पलंगावर चादर घालत होती, दवाखान्यात घालतात तशी, कोपरे दुमडून, ताणून. पुस्तक उशाशी होतं, चिठ्ठी त्यात.

"बस. हे बघितलंस का तू? चताई, एताई. मी आयुष्यभर रुग्णांचे अहवाल लिहिले रे, चकाकी मला लिहिता येत नाही होय?"

"काकी..."

"शाळावाल्या बाईंना सांगितलं मी, की हे माझ्या पुतण्याच्या हातून गेलेलं नाही. तो असता तर असं झालंच नसतं. त्या नव्या पोरीच्या हातात दिलं असणार तुला न विचारता. तू एकदा फोन कर त्यांना. तुझं ऐकतील. तुला यातलं कळतं."

तिने चादरीचं दुसरं टोक त्याच्याकडे फेकलं, धर म्हणून. त्याने ते धरलं.

"मीच केलं," तो म्हणाला.

"काय केलंस?"

"काकीचं ताई. मी एका आज्ञेने बदललं सगळं. बघितलं नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं."

ती चादर तशीच धरून उभी राहिली. "का नाही बघितलंस?"

"तुझी वाक्यं वाचावी लागली असती."

"आणि ही चिठ्ठी?"

"मी समोर होतो. चताई कळली नाही म्हणून एका माणसाने आईचा सुजलेला पाय उशिरा दाखवला, ती दवाखान्यात आहे, हे ठाऊक असूनही गप्प बसलो."

तिने त्याच्या हातातलं टोक काढून घेतलं आणि उरलेला कोपरा स्वतःच दुमडला. मग म्हणाली, "ताईच का? मावशी का नाही?"

"क्रियापदं... मावशीचीही बदलली नसती. मॅडमना ताई आवडलं."

ती हसली. तसं हसणं त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "माझं नाव पुसलंस त्याचं काही नाही. नाव ते काय, तूच ठेवलेलं. पण त्या बाईचा पाय. तिच्या लेकाने माझं ऐकलं असतं, ठोंब्या. मी सांगून ठेवलं होतं त्याला. तू ते त्याच्या हातातून काढून घेतलंस."

"मी राजीनामा देतो. शाळेला पत्र लिहितो, खरं काय ते."

"लिही. माझ्यासाठी म्हणून नको लिहू पण. मला उपकार नकोत तुझे."

त्याने लिहिलं. शाळेला, संस्थेच्या विश्वस्तांना, आणि त्या थकलेल्या आवाजाच्या माणसालाही. विश्वस्तांनी उत्तर दिलं नाही. संचालिकाबाईंनी राजीनामा घेतला, निरोपाला सगळ्यांना बोलावलं आणि तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस पुन्हा मिळणार नाही असं भाषण केलं. चिठ्ठी पुस्तकात तशीच राहिली. शाळेच्या बाईंनी काकीची फोनवर माफी मागितली, पण जागा भरली होती. थकलेल्या आवाजाच्या माणसाने पाकीट न फोडता परत पाठवलं. त्या माणसाची आई वाचली होती, हे पुतण्याला फोनवरच्या मुलीकडून कळलं. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला होता.

त्याला दुसरीकडे काम मिळालं. तिथेही काळा पडदा होता आणि तिथेही बदलायची कामं होती. आता तो एकेक ओळ वाचायचा. साहेब म्हणायचे, फार सावकाश करता तुम्ही.

बरेच महिने त्याला काकीकडे जायचं धाडस झालं नाही. बायको मात्र जात होती. शेवटी तीच एका रविवारी त्याला ओढून घेऊन गेली. काकीने दार उघडलं. बायकोला म्हणाली, "आलीस? किती वाळलीस गं." मग त्याच्याकडे बघून बाजूला झाली. "या. बसा."

तो बसला. पाणी आलं, पेल्याखाली ताटली ठेवून. काकी आणि बायको स्वयंपाकघरात गेल्या. तिथून बोलण्याचे आवाज येत राहिले, मध्येच बायकोचं हसणं. काकी फोनवर नसली तरी लोक तिला गाठून विचारायचेच. कोणीतरी शेजारीण दारात येऊन सासूच्या खोकल्याचं सांगून गेली. जाताना त्याच्याकडे बघून तिने विचारलं, "हे कोण?" काकी म्हणाली, "आमच्या सुनेचे मिस्टर."

निघताना तो दारात चपला घालत रेंगाळला. "येतो काकी," म्हणाला. त्याच्या डोक्यावर हात येईल असं त्याला उगीचच वाटलं. ती दाराची कडी धरून उभी होती.

"सावकाश जा," ती म्हणाली, आणि दार लावलं.

जिना उतरताना तो त्या दोन शब्दांना उलटसुलट करून बघत होता. 'जा' हे तू म्हणायच्या माणसालाही म्हणतात आणि तुम्ही म्हणायच्या माणसालाही. बायको खाली पोचून त्याची वाट बघत होती. "काय झालं?" तिने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, आणि दोघं रस्त्याला लागले.